वाट शोधायला लावणारा खेळ

बेथेस्डा कंपनीचा ‘मॉरोविंड’ हा २००२ सालचा संगणकावरचा खेळ. त्यातली मारामारी आज खटकते: तलवार शत्रूच्या अंगाला भिडलेली दिसते, तरी वार फुकट जातो, कारण तो लागला की नाही, हे पात्राचं कौशल्य, थकवा आणि नशीब यांच्या हिशोबावर ठरतं. हा दोष मान्यच करायला हवा. पण ठिकाण दाखवणारा बाण नसणं हा दोष नव्हे. खेळातल्या लोकांनी सांगितलेल्या खाणाखुणांवरून तिथल्या व्हार्डनफेल बेटावर गुहा शोधावी लागते, म्हणूनच पाट्या, पूल, टेकड्या नीट पाहिल्या जातात. काही वेळा सांगितलेली दिशाच चुकते, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यावर उपाय अचूक वर्णनाचा आहे. बाण आला की नजर त्यालाच चिकटते आणि मेहनतीने उभारलेलं जग नुसती पार्श्वभूमी होऊन बसतं.