धंद्याचा आकडी पत्ता

नेदरलँड्समध्ये सॉफ्टवेअरचा व्यवसाय नोंदवताना मी कामाचे वर्णन दोन शब्दांत उरकले: ‘संगणक सेवा’. पण त्या वर्णनावरूनच ‘कामर फान कोपहांडेल’ आपला एसबीआय क्रमांक ठरवते. त्याचे पहिले चार आकडे बहुतांशी युरोपीय वर्गीकरणाचे. पाचवा असल्यास खास डच. २००८च्या आवृत्तीत ६२०१ म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणे, ६२०२ म्हणजे सल्ला.

एवढे महत्त्व कशाला? २०२० साली कोरोनात ४,००० युरोंची सरकारी मदत १५ मार्चपूर्वी नोंदलेल्या क्रमांकावर ठरली. समारंभांना जेवण पुरवणाऱ्या आमच्या एका वहिनींची नोंद जुन्या सल्लागारीचीच राहिली होती, मदत हुकली.

तेव्हा मंडळी, वर्णन नेमके लिहा, आणि काम बदलले की नोंदही बदला.