घरी करमुक्त, परदेशी करपात्र

सांगलीत बसून तयार केलेले सॉफ्टवेअर बुडापेस्टमधील एखाद्या गृहस्थाने विकत घेतले, तर त्या व्यवहारावर कर कोणाचा? निर्यात करमुक्त असते, एवढ्या उत्तरावर आपल्याकडील पुष्कळ लहान विक्रेते समाधान मानतात. २०१७च्या एकात्मिक वस्तू व सेवाकर कायद्याने निर्यातीवरील कराचा दर शून्य ठेवला, हे खरेच. परंतु ही सवलत दिल्लीने दिलेली आहे, हंगेरीने नव्हे.

युरोपीय संघाने १ जुलै २००३ पासून बाहेरच्या विक्रेत्यांवर अशा सेवांचा मूल्यवर्धित कर, ग्राहकाच्या देशातील दराने, गोळा करण्याची जबाबदारी टाकली. हंगेरीत हा दर २७ टक्के, लक्झेंबर्गमध्ये १७. करासह ५० युरो अशी सरसकट किंमत लावणाऱ्याच्या हाती हंगेरीतून ३९.३७ युरो पडतात, तर लक्झेंबर्गमधून ४२.७४. ग्राहक नोंदणीकृत व्यापारी असल्यास कर तोच भरतो. घरगुती ग्राहकाचा मात्र विक्रेत्याने भरावयाचा. एका देशात नोंदणी करून सर्व २७ देशांचे तिमाही विवरणपत्र देता येते, ही त्यातल्या त्यात सोय. तथापि ग्राहक कोठला, याचे परस्परांशी जुळणारे दोन पुरावे मिळवावयाचे आणि नोंदी १० वर्षे जपावयाच्या, हे ओझे उरतेच. जकात नाक्यावर मालमोटार अडविता येत असे. तारेतून जाणाऱ्या मालाला नाका नाही. म्हणून कायद्याने विक्रेत्यालाच नाक्यावरचा बिनपगारी कारकून केले आहे.

उपभोग जेथे, कर तेथे, हे तत्त्व निर्दोष आहे. ते नसते तर हंगेरीतील विक्रेता कर भरून आणि परका न भरता, असे दोघे एकाच बाजारात उभे राहिले असते. आक्षेप आहे तो किमान मर्यादेबाबत. संघातील एकाच देशात व्यवसाय असणाऱ्याला वर्षाकाठी १०,००० युरोंपर्यंतच्या सीमापार विक्रीवर स्वदेशाचाच कर लावण्याची मुभा आहे. बाहेरच्यावर पहिल्या युरोपासून बंधन. ऑस्ट्रेलियाने ७५,००० डॉलरची मर्यादा ठेवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वेफेअर खटल्यात मान्य केलेल्या साउथ डाकोटाच्या कायद्यातही एक लाख डॉलर किंवा २०० व्यवहार अशी मर्यादा होती. लहानाला वगळणे अशक्य नाही, एवढे यातून दिसते. ते न केल्याने एकटा विक्रेता मध्यस्थ कंपनीकडे वळतो. कायद्याच्या दृष्टीने तीच विक्रेती ठरते, कर भरते आणि त्याबद्दल दलाली कापून घेते.

मात्र या बाबतीत भारताला तक्रारीस फारसा वाव नाही. १ डिसेंबर २०१६ पासून परदेशी विक्रेत्यांवर येथेही तसाच कर आला. देशातील सेवा पुरविणाऱ्याला सर्वसाधारणपणे २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. बुडापेस्टच्या एकट्या विक्रेत्याने सांगलीतील गृहस्थाला सॉफ्टवेअर विकले, तर त्याला पहिल्या रुपयापासून १८ टक्के लागतात.