शेराचा चीक आणि डोळे

कळमनुरी-औंढा भागातील आपले बहुतेक आंध बांधव कोरडवाहू शेती करतात. अशा शेताला शेराचे कुंपण फार सोयीचे. जनावर तोंड लावत नाही, पाणीही घालावे लागत नाही. हिरव्या कांड्याच पानांचे काम करतात. शेर आणि काटेरी थोर दोन्ही युफोर्बिया प्रजातीचे. (फड्या निवडुंग वेगळा, त्याला असा पांढरा चीक नसतो.)

धोका या चिकातच आहे. तो डोळ्यात गेला की आग होते, बुबुळाला इजा होऊन नजर अंधुक होऊ शकते. त्रास कधी काही तासांनी वाढतो, म्हणून थोडक्यात निभावले असे समजू नये. डोळा चोळू नका. तूप, आईचे दूध असले काही घालू नका. स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुंपण छाटताना चष्मा घालावा, लेकरांना दूर ठेवावे.