बँकेसमोर आपला धंदा कसा मांडावा?

जालना बियाणे आणि लोखंडी सळई या दोन धंद्यांवर नावारूपाला आले. त्यांच्या आसऱ्याने लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशन करणारे आपले अनेक कारागीर बंधू आहेत. हातात हुन्नर आहे. पण तो मांडता न आल्याने कर्जाचा अर्ज परत येतो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 मध्ये नव्या उद्योगांसाठी सुरू झाला. उत्पादन उद्योगाची खर्चमर्यादा 2022 मध्ये 25 लाखांवरून 50 लाख झाली. त्यात अल्पसंख्याकांचा स्वतःचा हिस्सा 5 टक्के, तर अनुदान शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के ठरले. म्हणजे 10 लाखांच्या कामाला आपले 50 हजार आणि शहरात अनुदान अडीच लाख.

हा हिशेब सहा स्लाईडमध्ये मांडावा: आपण कोण, माल कोणता, गिऱ्हाईक कोण, यंत्रांचा खर्च, महिन्याची मिळकत व हप्ता, आणि शेवटी नेमकी मागणी. एका स्लाईडवर चार-पाच ओळी, अक्षर मोठे. केलेल्या कामाचा फोटो अवश्य लावावा.

पडद्याकडे तोंड करून वाचू नये. साहेबांकडे पाहून बोलावे. आदल्या दिवशी घरच्यांसमोर घड्याळ लावून सराव करावा. वीज गेली तर अडू नये म्हणून छापील प्रती जवळ ठेवाव्यात.

आकडा फुगवू नये. खोटी मिळकत दाखवून मिळालेले कर्ज पुढे हप्त्यालाच गळफास ठरते. रोजी देणारा अल्लाह आहे. तयारी मात्र आपणच करायची.