मोडण्याआधी लिहून ठेवायचं
शॉपफ्लोअरवरून : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पाच वेळा 'का?' विचारून बिघाडाच्या मुळाशी कसं जायचं ते पाहिलं. ती पद्धत चांगलीच आहे, पण बिघाड होऊन गेल्यावरची. आजची पद्धत त्याआधीची. वस्तू अजून ड्रॉइंगवर असताना, किंवा लाइन सुरू होण्याआधी, चार जाणत्या माणसांनी एकत्र बसायचं आणि विचारायचं : हे कुठे कुठे बिघडू शकतं, बिघडलं तर कुणाला काय भोगावं लागेल, आणि ते कशामुळे होईल? अमेरिकी लष्कराने १९४९ साली ही रीत लेखी कार्यपद्धती म्हणून आणली. आज चाकण, भोसरी, वाळूजच्या वाहन कारखान्यांत ती 'एफएमईए' या नावाने सगळ्यांना माहीत आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री जागून भरायचा एक्सेलचा तक्ता, अशीच ती अनेकांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पद्धत समजायला घरातला प्रेशर कुकर पुरेसा आहे. शिट्टी ज्या नळीवर बसते तिचं काम एकच, जास्तीची वाफ बाहेर सोडणं. तक्त्यात आधी हे काम लिहायचं. ते नीट लिहिलं तरच बिघाड नीट लिहिता येतो. बिघाडाचा प्रकार : नळी तुंबली. परिणाम : वाफ कोंडते, दाब वाढत जातो, झाकण उडून समोरचं माणूस भाजू शकतं. कारण : डाळ काठोकाठ भरली, फेस वर आला, साल नळीत अडकलं. नवखे लोक हे तीन रकाने हमखास एकमेकांत मिसळतात आणि बिघाडाच्या रकान्यात 'कुकर फुटला' असं लिहून मोकळे होतात. फुटणं हा परिणाम आहे. त्यावर थेट काही करता येत नाही; तुंबलेल्या नळीवर करता येतं.

मग प्रत्येक ओळीला एक ते दहाच्या पट्टीवर तीन आकडे द्यायचे. सिव्हिरिटी, म्हणजे परिणाम किती गंभीर. ऑकरन्स, म्हणजे कारण किती वेळा घडतं. आणि डिटेक्शन, म्हणजे नुकसान होण्याआधी ते पकडता येतं का. हा तिसरा आकडा उलटा चालतो : हमखास पकडता येत असेल तर एक, पकडताच येत नसेल तर दहा. डाळ निम्म्यापेक्षा जास्त न भरणं हे ऑकरन्स कमी करणं. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार बघणं हे डिटेक्शन सुधारणं. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर तर त्याच्याही पुढचा आहे. आतला दाबच झाकणाला काठाशी घट्ट धरून ठेवतो, वाफ असेपर्यंत ते उघडत नाही. सिव्हिरिटी मात्र बैठकीत घासाघीस करून कमी होत नाही. त्यासाठी डिझाइनच बदलावं लागतं.

आता कारखान्यात येऊ. सुटे भाग जोडणाऱ्या एका कारखान्यात मी अशा बैठकीला होतो. स्टेशन होतं ब्रेक कॅलिपरचे दोन बोल्ट आवळण्याचं. 'बोल्ट कमी आवळला' या बिघाडाला सिव्हिरिटी १०, त्यावर वाद नव्हता. कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' आधीच टाइप केलेलं होतं, कारण अख्खा तक्ता जुन्या पार्टवरून उचललेला. आमच्या लाइनवर नसलेल्या ड्रिलिंगच्या दोन ओळीही त्यात तशाच राहिल्या होत्या. कुणाला तरी सुचलं म्हणून दुसऱ्या शिफ्टच्या एका जुन्या ऑपरेटरला आत बोलावलं.

'मामा, बोल्ट ढिला कधी राहतो?'

'साहेब, जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्या लाइनी एकदम चालू होतात ना, तेव्हा हवा कमी पडते. गनचा आवाजच बदलतो. मग मी दोन-दोनदा मारतो.'

एवढ्या बोलण्यात सगळे रकाने भरले. खरं कारण कळलं, ते रोज ठरावीक वेळी घडतं हे कळलं, आणि आजवर ते पकडलं जात होतं एका माणसाच्या कानाने, हेही कळलं. मामा रजेवर असतील त्या दिवशीचं काय? आम्ही हवेच्या लाइनवर प्रेशर स्विच बसवला. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की गन चालतच नाही. 'ऑपरेटरची चूक' ही ओळ खोडली. ती कुठल्याही तक्त्यात दिसली की समजावं, शोध अर्ध्यावर थांबला आहे.

आकड्यांचं एक दुखणं सांगायलाच हवं. वर्षानुवर्षं हे तीन आकडे गुणून आरपीएन काढला जाई, आणि तो १०० च्या वर गेला तरच उपाय करायचा, अशी अनेक ठिकाणी वहिवाट पडली. ब्रेकचा बिघाड १० × ४ × २, म्हणजे ८०. झाकणावरचा ओरखडा ३ × ६ × ५, म्हणजे ९०. गुणाकाराच्या हिशेबाने ओरखडा आधी! शिवाय १ ते १००० मध्ये असे गुणाकार येतातच मुळी १२० वेगवेगळे, त्यामुळे त्यातली बारकाई दिसते तेवढी खरी नसते. अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगांच्या संघटनांनी २०१९ मध्ये एकत्र काढलेल्या पुस्तिकेने आरपीएन बाजूला ठेवला. आता तक्त्यातून थेट प्राधान्य ठरतं, त्यात सिव्हिरिटीचं वजन सर्वांत जास्त, आणि ब्रेकची ओळ वर जाते. हा बदल फार आधी व्हायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तक्ता बिनचूक असूनही माणसं गेली, असंही घडलं आहे. चॅलेंजर यानाच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यांत रबराची दोन कडी होती, एक निकामी झालं तर दुसरं सांभाळेल या भरवशावर. डिसेंबर १९८२ मध्ये नासाने आपल्या धोक्यांच्या यादीत या सांध्याचा वर्ग बदलला. दुसऱ्या कड्याचा भरवसा धरता येत नाही, सांधा निकामी झाला तर यान आणि अंतराळवीर दोन्ही जातील, अशी नोंद झाली. म्हणजे विश्लेषणाने आपलं काम केलं होतं. मार्च १९८३ मध्ये नियमातून सूट देण्यात आली आणि उड्डाणं चालू राहिली. २८ जानेवारी १९८६ च्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीमुळे उड्डाणाला विरोध केला, तोही बाजूला सारला गेला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान तुटलं, सातही जण गेले. धोका कागदावर येऊन तीन वर्षं झाली होती.

म्हणून माझी विनंती एवढीच. या आठवड्यात तुमच्या लाइनचा एफएमईए छापून घ्या आणि मशीनपाशी उभं राहून दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला वाचून दाखवा. तो जिथे 'असं नाही होत, साहेब' म्हणेल, तिथे पेनने खूण करा. उपायाच्या रकान्यात नाव आणि तारीख नसेल तर तिथेही खूण करा. पुढच्या लेखांकात कंट्रोल प्लॅन आहे, तो या खुणांवरूनच सुरू होईल.