ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास

ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास हे धूम्रपान आणि मृत्यू यांचा संबंध तपासणारे दीर्घकालीन संशोधन होय. रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ते १९५१ साली सुरू केले. ते २००१ पर्यंत चालले.

पार्श्वभूमी

१९५० मध्ये याच दोघांनी रुग्णालयांतील पाहणीवरून फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी असलेला संबंध दाखवला होता. मात्र त्या पाहणीत आजारी व्यक्तींना त्यांच्या पूर्वीच्या सवयी विचारल्या होत्या. त्यामुळे आधी सवयी नोंदवून पुढे काय घडते, हे पाहणे आवश्यक ठरले.

स्वरूप

डॉक्टरांना टपालाने प्रश्नावली पाठवण्यात आली. त्यांची अधिकृत नोंदणी असल्याने दीर्घकाळ माग ठेवणे सोपे होते. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयी वेळोवेळी पुन्हा विचारल्या गेल्या आणि मृत्यूंची कारणे नोंदवली गेली.

निष्कर्ष

धूम्रपानाच्या प्रमाणाबरोबर फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वाढतात, हे १९५४ मध्येच दिसून आले. हृदयविकार आणि फुफ्फुसांचे जुनाट आजार यांच्याशीही धूम्रपानाचा संबंध आढळला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, १९०० ते १९३० या काळात जन्मलेले व सिगारेट न सोडणारे पुरुष धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मृत्यू पावले. ६०, ५०, ४० व ३० व्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य मात्र अनुक्रमे सुमारे ३, ६, ९ व १० वर्षांनी वाढले. म्हणजेच सवय जितकी लवकर सुटेल तितका लाभ अधिक असतो; पण साठीत सोडली, तरी तो प्रयत्न व्यर्थ जात नाही.