बेआतो, फेलीचे

(१८३२ ‒ २९ जानेवारी १९०९). इटलीत जन्मलेला ब्रिटिश प्रजाजन छायाचित्रकार व युद्धभूमीवरील छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. क्रिमिया, भारत, चीन, जपान, कोरिया, सूदान व ब्रह्मदेश या प्रदेशांत त्याने सु. अर्धशतक काम केले. रणभूमीवरील मृतांची छायाचित्रे घेणाऱ्या पहिल्या काही जणांत त्याची गणना होते. त्याची चित्रे आज इतिहासाची साधने म्हणून वापरली जातात. मात्र ती कोणासाठी आणि कशी घेतली गेली, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांची साक्ष जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

बेआतोचा जन्म व्हेनिसमध्ये झाला. त्याचे कुटुंब कॉर्फू बेटाशी निगडित होते व ते बेट त्या काळी ब्रिटिश संरक्षणाखाली असल्याने तो ब्रिटिश प्रजाजन मानला जाई. त्याच्या जन्ममृत्यूविषयी दीर्घकाळ घोळ होता. त्याचा भाऊ आंतोन्यो हाही छायाचित्रकार होता व पुढे ईजिप्तमध्ये लक्सॉर येथे त्याने व्यवसाय केला. काही चित्रांवर दोघांची नावे एकत्र आढळत; त्यामुळे ‘फेलीचे आंतोन्यो बेआतो’ नावाची एकच व्यक्ती एकाच वेळी ईजिप्त आणि जपानमध्ये कशी वावरत होती, असा प्रश्न अभ्यासकांना पडे. १९८३ मध्ये हे दोन भाऊ असल्याचे स्पष्ट झाले. बेआतोचा मृत्यू फ्लॉरेन्स येथे झाल्याचे तर २००९ मध्ये मृत्यूचा दाखला उजेडात आल्यानंतरच निश्चित झाले.

कॉन्स्टँटिनोपल येथील तुर्की टाकसाळीतील प्रमुख मुद्राकोरक जेम्स रॉबर्ट्‌सन हा छायाचित्रणाचाही व्यवसाय करी. त्याच्याबरोबर बेआतोने या क्षेत्रात पदार्पण केले. १८५५ मध्ये रॉबर्ट्‌सनने बेआतोच्या बहिणीशी विवाह केला. त्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटन हा इंग्रज छायाचित्रकार मायदेशी परतल्यावर रॉबर्ट्‌सन व बेआतो यांनी सेव्हॅस्टोपोलच्या पाडावानंतरची उद्‌ध्वस्त तटबंदी टिपली. फेंटनच्या चित्रांत छावण्या, अधिकारी व तोफा आहेत, परंतु प्रेते नाहीत. हा संकेत बेआतोने पुढे मोडला.

१८५७ च्या उठावाची बातमी ऐकून बेआतो फेब्रुवारी १८५८ मध्ये कलकत्त्यास पोहोचला. तेथून तो लखनौ, कानपूर, दिल्ली, आग्रा इ. ठिकाणी हिंडला. त्या काळच्या तंत्राच्या मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय त्याचे काम समजत नाही. अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या काचा आगाऊ तयार करून ठेवता येत व चित्र घेतल्यानंतर सवडीने त्यांवर प्रक्रिया करता येई. उन्हातान्हातील प्रवासात ही मोठीच सोय होती. त्याउलट ओल्या कलोडिअनच्या पद्धतीत काचेला लेप देणे, चित्र घेणे व ते प्रकट करणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी उरकावी लागत आणि त्यासाठी अंधाऱ्या तंबूचे बिऱ्हाड बरोबर वागवावे लागे. बलकाच्या काचांचा दोष असा, की त्यांना प्रकाश फार वेळ द्यावा लागे. हलणारी वस्तू अशा काचेवर उमटत नसे. साहजिकच प्रत्यक्ष लढाई टिपणे शक्य नव्हते. टिपता येत होते ते लढाईनंतरचे निश्चल जग.

लखनौ येथील सिकंदरबागेचे त्याचे छायाचित्र सर्वांत प्रसिद्ध आहे आणि सर्वांत वादग्रस्तही. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कँबेलच्या सैन्याने या तटबंद बागेवर हल्ला केला व आतील शिपायांची कत्तल केली. बेआतोच्या चित्राच्या शीर्षकात ९३ वी हायलँडर पलटण व ४ थी पंजाब पलटण यांनी २,००० बंडखोरांना ठार केल्यानंतरचे दृश्य असा उल्लेख आहे. चित्रात गोळ्यांनी विदीर्ण झालेली, स्तंभांची इमारत दिसते; तिच्यापुढे काही हिंदी माणसे व एक घोडा असून पुढच्या मोकळ्या जागेत मानवी कवट्या व हाडे पसरलेली आहेत. शीर्षक वाचणाऱ्यास हे कत्तलीनंतर लगेचचे दृश्य वाटते. वास्तविक बेआतो लखनौत पोहोचला तो मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर पुन्हा जिंकल्यानंतर. म्हणजे कत्तल होऊन चार-पाच महिने लोटले होते. त्या सुमारास लखनौत असलेला मुलकी अधिकारी सर जॉर्ज कँबेल याने आपल्या आठवणींत, हे अवशेष छायाचित्रासाठी उघडे पाडण्यात आल्याचे नमूद केले आहे. चित्रातील जी माणसे स्वस्थपणे उभी अथवा बसलेली आहेत, त्यांचे प्रमाणही नजरेस आणून देण्यापलीकडे दुसरे प्रयोजन दिसत नाही. या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, तशी ती समोरच्या मृतांचीही ठेवली नाहीत.

म्हणून हे चित्र खोटे ठरते काय? कत्तल झाली होती, मृत तेथलेच होते, इमारतही तीच होती. खोटी आहे ती काळाची जाणीव. आणि सांगाडे मांडण्यामागील भूमिका जेत्यांची आहे. ही चित्रे इंग्रज अधिकाऱ्यांना व इंग्लंडमधील गिऱ्हाइकांना विकण्यासाठी होती. कानपूरला त्याने नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याने वेढलेला व्हीलरचा कोट व सतीचौरा घाट टिपला. तेथे इंग्रज मृतांचे स्मरण जागवणे हा हेतू होता. बंडवाल्यांच्या बाबतीत मात्र फाशी दिलेले देह आणि सिकंदरबागेतील हाडे दाखविण्यास त्याला संकोच वाटला नाही.

याच दौऱ्यातील दुसऱ्या चित्रांचे मोल मात्र निराळ्या कारणाने वाढले आहे. लखनौचा कैसरबाग, छत्तर मंझिल, रूमी दरवाजा, नवाबाची मत्स्याकृती नौका यांची त्याने काळजीपूर्वक चित्रे घेतली. अनेक काचा जोडून शहराची विस्तीर्ण दृश्येही तयार केली. उठावानंतर लष्करी सोयीसाठी दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्यात आले व जुन्या लखनौचा मोठा भाग पाडला गेला. नवाबी शहराच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांना आता त्याच शहराच्या जेत्यांसाठी घेतलेल्या या चित्रांचा आधार घ्यावा लागतो.

१८६० मध्ये बेआतो ब्रिटिश-फ्रेंच सैन्याबरोबर चीनला गेला. २१ ऑगस्ट रोजी ताकू येथील उत्तरेकडील किल्ला पडताच तो आत शिरला. तटावर पडलेल्या चिनी प्रेतांचा एक समूह त्याला रचनेच्या दृष्टीने सुंदर वाटला व आपले चित्र घेऊन होईपर्यंत तो कोणी हलवू नये अशी त्याने विनवणी केली, असे त्या मोहिमेतील डॉ. रेनी या लष्करी वैद्याने लिहून ठेवले आहे. प्रेते पुरली जाण्यापूर्वी त्यांची चित्रे प्रथम घेणे त्याला भाग होते. किल्ल्याची बाह्य दृश्ये त्याने नंतर टिपली. संग्रहात मात्र ती उलट क्रमाने, हल्ल्याच्या ओघाप्रमाणे लावली गेली आणि पाहणाऱ्याला आपण सैन्याबरोबरच आत शिरत असल्याचा भास होऊ लागला. मृतांत ब्रिटिश वा फ्रेंच सैनिक दिसत नाहीत.

पीकिंग येथे २४ ऑक्टोबर रोजी तहावर सह्या होत असता बेआतोने आपले यंत्र राजपुत्र कुंग याच्यावर रोखले. ते काय आहे हे न कळल्याने राजपुत्र भयभीत झाला. अपुऱ्या प्रकाशामुळे ते चित्र साधलेही नाही. नोव्हेंबरच्या प्रारंभी मात्र बेआतोने त्याचे व्यक्तिचित्र घेतले. लॉर्ड एल्गिनच्या आज्ञेने १८ ऑक्टोबरपासून जाळण्यात आलेल्या उन्हाळी राजवाड्यांच्या परिसराचीही काही चित्रे त्याने घेतली. त्यांपैकी एकावर ‘युआन-मिंग-युआन, जळण्यापूर्वी’ असे शीर्षक असले, तरी इमारत शेजारच्या चिंग-यी-युआन उद्यानातील आहे. १८६१ मध्ये लंडनला जाऊन त्याने भारत व चीनमधील सु. ४०० चित्रे हेन्री हेरिंग या व्यावसायिकास विकली.

१८६३ मध्ये तो जपानला गेला व तेथे वीस वर्षांहून अधिक काळ राहिला. चार्ल्स वर्गमन या चित्रकाराशी योकोहामा येथे त्याने भागीदारी केली (१८६४ ‒ ६७). परकीयांना बंदरांपासून ठराविक अंतरापलीकडे जाण्यास मनाई असल्याने तो राजनैतिक प्रतिनिधींच्या लवाजम्याबरोबर हिंडे. १८६४ च्या शिमोनोसेकी येथील आरमारी कारवाईचीही त्याने चित्रे घेतली. नोव्हेंबर १८६६ मधील आगीत त्याचा स्टुडिओ व काचा भस्मसात झाल्या. परंतु दोन वर्षांतच त्याने भूदृश्ये आणि लोकजीवन असे दोन संग्रह नव्याने सिद्ध केले. यांतील चित्रे जपानी कारागिरांकडून जलरंगांत रंगवून घेतलेली आहेत. लाकडी ठशांच्या चित्रांची परंपरा मुरलेल्या त्या कारागिरांचा हात इतका हलका होता, की रंगविलेली छायाचित्रे हा योकोहामाचा प्रमुख निर्यात माल होऊन बसला. कुसाकाबे किंबेई या पुढे नामांकित झालेल्या जपानी छायाचित्रकाराने उमेदवारीच्या काळात बेआतोकडे काम केले होते. सामुराई, पालखीवाले, वैद्य, फुलवाली ही लोकजीवनाची चित्रे पुष्कळदा स्टुडिओत मांडलेली आहेत. मेजी पुनःस्थापनेनंतर (१८६८) तो वेश व ते व्यवसाय झपाट्याने मागे पडले.

१८७१ मध्ये अमेरिकन आरमाराच्या कोरियावरील मोहिमेत तो अधिकृत छायाचित्रकार होता; कोरियाच्या भूमीवर घेतलेली निश्चित माहिती असलेली ती सर्वांत जुनी छायाचित्रे होत. मात्र त्याचे लक्ष हळूहळू व्यापाराकडे वळले. जमिनी, हॉटेलातील भाग, चांदीचा सट्टा अशा नाना उलाढाली त्याने केल्या. १८७३ मध्ये तो ग्रीसचा वाणिज्यदूतही झाला. १८७७ मध्ये त्याने आपला बहुतेक चित्रसाठा श्टिलफ्रीड व अँडर्सन या संस्थेस विकला आणि सट्ट्यात बुडून १८८४ मध्ये जपान सोडले. १८८४-८५ मध्ये खार्टूमला अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या ब्रिटिश सैन्याबरोबर तो सूदानमध्ये होता.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले व थीबा राजास पदच्युत केले. या राजाला पुढे रत्नागिरीस स्थानबद्ध करण्यात आले व तेथेच त्याचा १९१६ मध्ये अंत झाला. राजा गेल्यानंतरच्या मंडालेत बेआतो पोहोचला. तेथे त्याने राजवाडा, विहार व ब्रह्मी स्त्रीपुरुष यांची चित्रे घेतली. शिवाय लाकडी कोरीव काम, रेशीम, चांदीची भांडी इ. वस्तूंची पेढी थाटली. ग्राहक सचित्र सूची पाहून मागणी नोंदवीत व माल टपालाने युरोपात जाई. त्या सूचीतील छायाचित्रेही अर्थात त्याच्याच दुकानची. १९०७ मध्ये ही पेढी विसर्जित करण्यात आली व त्यानंतर दोन वर्षांनी फ्लॉरेन्स येथे तो निधन पावला. २०१०-११ मध्ये लॉस अँजेल्स येथील गेटी संग्रहालयाने त्याच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले होते.